छातीचा खड्डा, पासष्ट हजार रुपये आणि चमच्याने मोजलेलं पाणी

माझ्या मुलाच्या छातीला मधोमध खड्डा आहे. लहानपणी आंघोळ घालताना त्यात पाणी साचायचं. सासूबाई म्हणायच्या, "वाढला की भरून येईल." तसं झालं नाही. बाराव्या वर्षी उंची भराभर वाढायला लागली तसा खड्डाही खोल होत गेला. सुट्टीत आजोळी, कऱ्हाडला, सगळी पोरं कृष्णेत पोहायची आणि हा टी-शर्ट घालून घाटावर बसून राहायचा. "मला पाण्याची अ‍ॅलर्जी आहे," असं तो मित्रांना सांगायचा, हे मला भावाच्या मुलाकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी काहीही औषध पुढे केलं असतं तर मी घेतलं असतं.

आणि मोबाइलवर जाहिरात दिसली: ऑपरेशनशिवाय ९० दिवसांत छाती सपाट. तिथेच उंची वाढवून देण्याचीही हमी होती. (उंची वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे तेव्हा मला माहीत असतं तर तिथूनच परत फिरले असते.) केंद्रातल्या माणसाला सगळे 'सर' म्हणत. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, भिंतीवर मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. छाती दाबून पाहत ते म्हणाले, "ताई, कॅल्शियम कमी पडलंय. सर्जनकडे गेलात तर छाती फाडून हाडं कापतील." पट्टा, मालिशचं तेल, पावडर आणि आठवड्याला एक बैठक, सगळे मिळून ३८ हजार. ह्यांनी पतसंस्थेतली ठेव मोडली.

आता त्यांची मोजण्याची पद्धत सांगते, कारण आम्ही फसलो ते तिथेच. मुलाला उताणं झोपवायचं आणि खड्डा काठोकाठ भरेपर्यंत चमच्याने पाणी ओतायचं. पहिल्या दिवशी सहा चमचे बसले. महिन्याने पाच, मग चार. मी स्वतः मोजत होते, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. ९० दिवसांनी "हाड थोडं कडक आहे" म्हणून २७ हजारांचं दुसरं पॅकेज दिलं, तेही मी आनंदाने घेतलं. पट्टा शाळेतसुद्धा घालायचा होता. बरगड्यांवर वळ उठले, जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. "शरीर बदलतंय, हे चांगलं लक्षण आहे," असं उत्तर मिळालं.

पाचव्या महिन्यात मुलगाच म्हणाला, "आई, ते दर वेळी वेगळा श्वास घ्यायला लावतात."

त्या रात्री स्वयंपाकघरात चटई टाकली. श्वास पूर्ण सोडून धरला तेव्हा सहा चमचे पाणी बसलं. छाती भरून श्वास घेऊन धरला तेव्हा चार. दोन्हींमध्ये एक मिनिटही गेलं नव्हतं. तो उठला, टॉवेलने छाती पुसली आणि काही न बोलता झोपायला गेला.

नंतर आम्ही लहान मुलांच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी पट्टा हातात घेतला आणि विचारलं, "हा कुणी दिला?" बाहेरून दाब देणारा पट्टा पुढे आलेल्या, कबुतरासारख्या छातीसाठी असतो. त्या मुलांना वाढीच्या वयात त्याचा खरंच उपयोग होतो. आमच्या मुलाची छाती आधीच आत गेलेली, आणि आम्ही ती पाच महिने वरून दाबत होतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही तपासलं, दोन्ही व्यवस्थित होतं. बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चेची वाढ बिघडल्यामुळे हे हाड आत ओढलं जातं. तेल चोळून किंवा पावडर पाजून ते वर येत नाही.

सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी आणि मधल्या हाडापासून मणक्यापर्यंतचं अंतर मोजतात. रुंदीला त्या अंतराने भागलं की हॅलर इंडेक्स मिळतो. साधारण छातीत तो अडीचच्या आसपास असतो, ३.२५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. आमचा ४.१ आला. हृदय डावीकडे सरकलं होतं. टू-डी इको आणि फुप्फुसांची तपासणी झाली. बोटं फार लांब आहेत का, डोळ्यांचा त्रास आहे का, हेही पाहिलं, कारण काही मुलांत यामागे मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीरातल्या जोडणाऱ्या ऊतींचा जनुकीय आजार असतो. केंद्रात यातलं एकही नाव कुणी काढलं नव्हतं.

डॉक्टर घाबरवत नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. उथळ खड्डा असलेल्या बऱ्याच मुलांना काहीच करावं लागत नाही, असं ते म्हणाले. छाती लवचिक असेल तर हवा ओढून हाड उचलणारी व्हॅक्यूम बेल असते, पण ती महिनोन्‌महिने चिकाटीने लावावी लागते. आमच्यासाठी नस पद्धतीचं ऑपरेशन ठरलं. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड नस यांनी ती पद्धत १९८७ मध्ये सुरू केली. दोन्ही कुशींत छोट्या चिरा देतात, कॅमेऱ्याने पाहत धातूची वाकवलेली पट्टी हाडाखालून नेतात आणि उलटी फिरवतात. हाड त्याच वेळी वर येतं. पट्टी दोन-तीन वर्षं आत ठेवून मग काढतात. हाडं कापत नाहीत. पहिला आठवडा वेदना खूप होत्या, ते लपवत नाही. मुलाला निकेलची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी तपासून घ्या, कारण पट्टी बहुधा स्टीलची असते.

'सरां'चं नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत शोधलं. नाही. पावतीवर उपचाराचा उल्लेखही नाही, 'फिटनेस सल्ला शुल्क' एवढंच लिहिलेलं. तरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. पावत्या, मेसेज, पट्ट्याचा खोका, काहीही फेकू नका.

त्यांच्या जाहिरातीत आता माझ्या मुलाचाही फोटो आहे. चेहरा कापलाय, पण डाव्या खांद्यावरचं लासं मी कुठेही ओळखेन. 'नंतर'च्या फोटोत त्याने श्वास भरून धरलाय. तो फोटो दिसला तर एवढं लक्षात असू द्या, त्या मुलाच्या छातीत आज धातूची पट्टी आहे.