पेंढ्याच्या घरातील दहा महिने आणि कडप्प्याखालची एक खाच

पेंढ्याचे गठ्ठे रचून त्यांवर माती-चुन्याचा गिलावा चढवलेली भिंत कशी असते, हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरते आणि थेट ओलीकडे वळते, कारण जुलैपासून या घराने मला दुसरा विषय सुचूच दिलेला नाही.

भोर तालुक्यातील या दोन खोल्यांच्या घरात आम्ही डिसेंबरमध्ये राहायला आलो. दोन फुटांचे दगडी जोते, लाकडी सांगाडा, त्यात बेलर यंत्रावर दाबून बांधलेले भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे, आतून माती, बाहेरून चुना आणि वर मंगलोरी कौले. मे अखेरपर्यंत मी घराची इतकी स्तुती केली की नातेवाईक माझे फोन टाळू लागले. एप्रिलच्या दुपारी अंगणात ३९ अंश असताना आत ३० च्या वर पारा गेला नाही, आणि रस्त्याने जाणारे डंपर खिडक्या लावल्या की ऐकूही येत नाहीत. उंदीर दिसले नाहीत. आगीबद्दल प्रत्येक पाहुणा विचारतो. घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही आणि वर दोन्हीकडून गिलावा असतो, त्यामुळे तो सुट्या पेंढ्यासारखा भडकत नाही, एवढे सांगून मी चहा ठेवते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेच्या खिडकीखालून भिजलेल्या गोठ्यासारखा वास येऊ लागला. भिंत हाताला कोरडी लागत होती. शेवटी चाऱ्याच्या गठ्ठ्यांतील ओल मोजण्याचे, लांब सळईचे मीटर ४,२०० रुपयांना मागवले; पावती जपून ठेवली आहे. पेंढ्यातील ओल वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत राहिली तर भिंत सुरक्षित असते. त्यावर ती कित्येक आठवडे टिकली, की बुरशीचे काम सुरू होते. अन्य भिंतींत आकडा १४-१५ होता. त्या खिडकीखाली २७.

कंत्राटदार फोनवर म्हणाले, "ताई, पावसाळ्यात थोडी ओल धरणारच." हेच गृहस्थ काम मिळवताना मला अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या आर्थर गावच्या चर्चचे छायाचित्र दाखवत होते: १९२८ साली पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेले आणि अजून उभे. त्या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात झाडे नव्हती आणि तिथली माती भिंतींना धरत नव्हती, म्हणून लोकांनी गठ्ठे रचले, हे खरे. परंतु तिथे वर्षाला सोलापूरपेक्षाही कमी पाऊस पडतो, हे त्यांनी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. या लेखाचा पहिला मसुदा मी त्या रागातच लिहिला आणि त्यात पेंढा आपल्या हवेचा नव्हे, असा निकाल देऊन टाकला.

तो मसुदा मी फाडला, कारण ऑगस्टमध्ये गवंड्याला बोलावून खिडकीखालचा गिलावा फोडला, तेव्हा चुन्याऐवजी सिमेंट निघाले. शेवटच्या दिवशी चुना संपला म्हणून खिडक्यांच्या खाली हातभर पट्टा सिमेंटने उरकला होता. चुन्याच्या गिलाव्यातून आत गेलेली वाफ बाहेर पडत राहते. सिमेंटने ती वाट पुष्कळशी बंद होते. तरीही माझे समाधान झाले नाही, कारण पूर्वेच्या खिडकीखालीही तेच सिमेंट होते आणि तिथे आकडा १५ होता. मग पश्चिमेला पाणी आले कुठून?

मी भर पावसात छत्री घेऊन तासभर खिडकीसमोर उभी राहिले. खिडकीच्या तळाशी बसवलेल्या, भिंतीबाहेर डोकावणाऱ्या कडप्प्याच्या फरशीच्या कडेवरून पाणी खाली पडत नव्हते. ते कडेला वळसा घालून कडप्प्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकत होते आणि सिमेंट व कडप्पा यांमधल्या केसाएवढ्या भेगेत शिरत होते. कडप्प्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, अर्धा इंच रुंदीची खाच कोरली की पाणी तिथे अडून गळून पडते. ती खाच नव्हती. त्यानंतर मी गावातील शाळा, ग्रामपंचायत, पुण्यातील आमचा जुना फ्लॅट अशा सगळ्या खिडक्यांखाली वाकून बोट फिरवले आणि पुण्याच्या त्या फ्लॅटला, ज्याला मी वीस वर्षे नावे ठेवली, ती खाच आहे. यजमानांनी माझ्यासोबत फिरायला जाणे तूर्त थांबवले आहे.

दुरुस्तीत दोन कवळे काळा पडलेला पेंढा निघाला. त्या जागी मातीच्या राड्यात घोळलेला पेंढा ठोकून भरला, तो वाळल्यावर सप्टेंबरअखेरीस वर चुना चढवला आणि कडप्प्याला ग्राइंडरने खाच मारली, ज्याला वीस मिनिटे लागली. आज आकडा १६ आहे. फलटण, माण, सांगोला या बाजूला कोणी असे घर बांधत असेल तर मी खुशाल बांधा म्हणेन, घाटमाथ्यावर नाही, आणि आमच्यासारख्या मधल्या पट्ट्यात पश्चिमेची भिंत दगडाची करावी किंवा तिच्यापुढे पडवी काढावी.

दुरुस्तीचे ११,६०० रुपये झाले. कंत्राटदार निम्मे द्यायला तयार आहेत, पण मीटर हा माझा वैयक्तिक छंद आहे असे त्यांचे म्हणणे आहे. पावती मी बिलाला टाचून पुन्हा पाठवली आहे.