लेकरांची नाट्य कार्यशाळा, लातूर : पैसे वसूल, फक्त हॉल बदला

मे महिन्यात पोरीला 15 दिवसांच्या कार्यशाळेला घातलं, वय 9. शेवटी 'श्यामची आई'चा 40 मिनिटांचा प्रयोग. खरं सांगते, साने गुरुजींनी 1933 ला नाशिकच्या जेलात लिहिलेलं पुस्तक, म्हणलं आता नुसती रडारड अन् उपदेश. पण सरांनी 42 रात्रींपैकी (पुस्तकात प्रकरणाला रात्र म्हणतात) 4 च उचलल्या, त्या पण अशा की ज्यात काहीतरी घडतं. पोहण्याचा प्रसंग तर लई भारी!! विहीर म्हणजे काय, तर 8 लेकरं गोल करून उकिडवी बसलेली, श्याम आत पडला की सगळ्यांनी एकदम हात वर फेकायचे अन् तोंडानं धप्प. सेटचा खर्च शून्य. टँकरच्या रांगेत वाढलेली पोरं कोकणातली विहीर दाखवत होती, मला हसूच आलं.

भाषा पुस्तकातलीच ठेवली, पण तालमीत आधी सगळं आपल्या बोलीत बोलून घ्यायचे मग मूळ वाक्य, त्यामुळं पाठांतर वाटलं नाही. आईचं काम मात्र तिघींत वाटलं, सगळ्यांना चान्स मिळावा म्हणून असेल, पण मागं बसलेल्या आजीला शेवटपर्यंत कळेना कोण कुणाची आई.

हॉल पत्र्याचा, कूलर एकच, अन् तो चालू केला की संवाद गायब. ड्रेसचे 400 रुपये ऐनवेळी मागितले, हे आधी सांगायला काय झालं होतं? 

तरी पुढच्या वर्षी घालणारच. पोरगी अजून बादलीजवळ उकिडवी बसून धप्प करतीय.