गुडघ्याचा बिजागरीचा पट्टा आणि काठी : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गुडघ्याच्या झिजेसाठी, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा आणि उंची कमीजास्त करता येणारी ॲल्युमिनियमची काठी अशा दोन वस्तू मी मे महिन्यात एकदमच घेतल्या. गुहागरात आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे आणि पावसाळाभर तिच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. अशा ठिकाणी या वस्तू कितपत टिकतात व उपयोगी पडतात, हे घेण्यापूर्वी मला कोठेही वाचायला मिळाले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी दुखण्याविषयी, कारण पट्ट्याचा उपयोग त्यावरच ठरतो. माझ्या उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखते. सकाळी उठल्यावर गुडघा आखडतो, पण चहा होईपर्यंत मोकळा होतो. (हा ताठरपणा तास-दीड तास राहत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची शंका घेऊन वेगळी तपासणी करावी लागते.) उभे राहून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट अरुंद दिसली. एक्स-रेवरून झीज ठरवण्यासाठी केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या ० (झीज नाही) ते ४ (सर्वांत जास्त) या श्रेणींपैकी माझी श्रेणी ३. मात्र एक्स-रेवरची श्रेणी आणि प्रत्यक्ष वेदना यांचे गणित जुळतेच असे नाही : आमच्या जाऊबाईंचा एक्स-रे माझ्यापेक्षा वाईट आहे, तरी त्या सुपारी सोलायला माझ्याहून जास्त वेळ बसतात.

आता पट्टा. त्याचे काम सांध्याला बाजूने आधार देण्याचे आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, त्याने भरून येत नाही, आणि दुकानदार काहीही सांगो, तशी अपेक्षा ठेवून तो घेऊ नये. पाखाडी उतरताना गुडघा आतून लचकल्यासारखा वाटायचा, ते पट्ट्यामुळे निश्चित कमी झाले. बाजाराच्या दिवशी तो बांधला, तर परत येताना वाटेत टेकावे लागत नाही. घरात वावरताना मात्र काहीच फरक जाणवला नाही, म्हणून घरी बांधणे मी सोडून दिले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या पट्ट्याची शिफारस आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२२ च्या सूचना मात्र सांधा अस्थिर असेल किंवा त्यावर भार वाकडा पडत असेल, तरच पट्टा द्यावा अशा अर्थाच्या आहेत. माझा अनुभव दुसऱ्या मताच्या जवळ जाणारा आहे.

किनाऱ्यावरच्या हवेत या पट्ट्याचे हाल होतात. आषाढात तो धुतला की दोन-दोन दिवस वाळत नाही, आतल्या रबरी कापडाला आंबूस वास येतो आणि गुडघ्यामागच्या घडीत घामोळे उठते. आत पातळ सुती कापड गुंडाळले की त्रास कमी होतो. चिकटपट्टीच्या काट्यांत साडीचे धागे आणि काथ्याची कुसळे अडकून तिची पकड गेली; जुन्या दातघासणीने ती साफ करावी लागते. बिजागरीचे रिव्हेट खाऱ्या हवेने गणपतीपूर्वीच तांबूस झाले आणि परकरावर गंजाचे डाग पडले. ‘गंजरोधक’ हा डब्यावरचा शब्द समुद्र न पाहिलेल्या माणसाने लिहिला असावा.

काठीने मात्र माझी अपेक्षेहून जास्त सोय केली. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, आणि हे बहुतेकांना पटत नाही. देवळात भेटणारी प्रत्येक मावशी मला हात बदलायला सांगते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवे पाऊल पडते त्याच वेळी काठीही टेकते. त्यामुळे उजव्या पायावरचा काही भार हातावर जातो. चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा आणि मूठ मनगटाच्या घडीपाशी येईल एवढी काठीची उंची ठेवावी, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकते. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. तक्रार आहे ती टोकाच्या रबराची. जांभ्यावर ते खरवडून गुळगुळीत होते आणि मग शेवाळावर घसरते. पाखाडीवर झावळ्या टाकल्या की पाय घसरत नाही, पण काठीचे टोक पात्यांत अडकते, तेव्हा तेथे कठडा धरणेच बरे. पुळणीवर तर ती रुततेच.

या दोन्ही वस्तूंपेक्षा अधिक गुण व्यायामाने आला, हे या परीक्षणात लिहिणे भाग आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. चालताना सांधा दाबला जातो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते, त्यामुळे नुसते पडून राहण्याने काही साधत नाही. चिपळूणच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी पाय सरळ ठेवून उचलणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणे, असे दोन साधे व्यायाम दिले. पहिले काही आठवडे गुडघा जास्तच कुरकुरला, नंतर सावरला. वजनही थोडे उतरले. एक किलो वजन कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे कळल्यावर रात्रीचा भात कमी करणे सोपे गेले. विळीवर बसणे बंद करून ओट्यावर सुरी घेतली. दुखणे वाढले तर डॉक्टरांनी सांगितलेले डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे जेल लावते. शेजारून आलेल्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या तशाच परत केल्या, कारण नाइसच्या त्याच सूचनांमध्ये त्या देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे.

ज्यांचा गुडघा चालताना लचकतो आणि ज्यांना चढउतार टाळता येत नाही, त्यांनी पट्टा घ्यावा, पण माप दुकानात प्रत्यक्ष बांधून पाहावे आणि बिजागरी प्लॅस्टिकची मिळाली तर तीच निवडावी. गुडघा गरम व लाल होऊन सुजला असेल किंवा ताप असेल, तर पट्ट्याच्या नादी न लागता आधी डॉक्टरांकडे जावे. काठी कोणीही घ्यावी. घेताना त्याच मापाची टोकाची रबरे सुटी मिळतात का, हे विचारून दोन जास्तीची आणावीत, कारण ती आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत.