‘मरीन ग्रेड’ म्हणून रेक्झिन गळ्यात मारलं, स्प्रेडर कव्हर घेणाऱ्यांनी वाचा

शिडाची बोट असणारे आपल्याकडे मूठभर, त्यामुळे असला माल विकणारे त्याहून कमी, आणि नेमका त्याचाच फायदा घेतात हे लोक. आम्हा चौघांची मिळून एक जुनी 26 फुटी स्लूप, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट आहे, मुंबई हार्बरमध्ये असते, पावसाळ्यात वर काढतो. तिच्या स्प्रेडरच्या टोकांना कव्हर घ्यायची होती, त्यात काय झालं ते लिहितोय, कारण हाच माणूस अजून दोघा-तिघांच्या मागे लागलाय असं कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, दोन्ही बाजूंना आडवे दांडे असतात ते स्प्रेडर, शेजारून वर जाणाऱ्या तारा म्हणजे श्राउड त्यांच्यामुळे बाहेर ढकलल्या जातात आणि मास्टला आधार मिळतो. आता पुढचं शीड मोठं असेल, आमचं दीडशे टक्क्यांचं जेनोआ आहे, तर ते मास्टच्या मागेपर्यंत येतं आणि वाऱ्याच्या तोंडावर जाताना त्याची मागची कड थेट स्प्रेडरच्या टोकावर घासते. मांडव्याहून परत येताना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावरच असतो, म्हणजे नागमोडी जात टॅक वर टॅक, दर वेळी शीड एका बाजूवरून दुसरीकडे, आणि दर टॅकला अख्खं शीड त्या टोकांवरून ओरबाडत जातं. टोक उघडं असेल तर डेक्रॉन, म्हणजे शिडाचं पॉलिएस्टर कापड, फाटायला एक सीझन पुरतो. म्हणून कव्हर, चामड्याचं शिवलेलं किंवा चांगल्या रबराचं.

तर एका ओळखीतून हा विक्रेता मिळाला. नाव टाकत नाही कारण तक्रार केली आहे. बोलायला एकदम गोड, "साहेब, इंग्लंडचा माल आहे, अस्सल लेदर, मरीन ग्रेड, दहा वर्षं बघायला नको." आम्ही म्हटलं दाखवा. तर पठ्ठ्याने खिशातून एक तुकडा काढला, लायटर पेटवून कड जाळली, केस जळल्यासारखा वास आला, म्हणाला बघा, खरं चामडं. मग सोबत बांधायची तार दाखवली, 316 स्टेनलेस म्हणे, तिला लोहचुंबक लावला, चिकटला नाही, परत म्हणाला बघा. इतकं सगळं डोळ्यासमोर केल्यावर कोण शंका घेणार? एक जोडी कव्हर आणि तारेचं बंडल, 7,400 रुपये. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर पडतील", आम्ही म्हटलं पडू देत, तेव्हा नाइलाजाने दिलं, पण त्यावर लिहिलं काय तर ‘बोट पार्ट्स – 1 सेट’. लेदर नाही, 316 नाही, कुठल्या देशाचं ते नाही. माल आला तो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. बाहेरून आणलेल्या पॅकबंद वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली ते आणि एमआरपी छापलेली असावी लागते, इथे एक स्टिकरसुद्धा नव्हता. विचारलं तर "साहेब, मोठ्या बॉक्समधून सुटं करून देतो."

ऑक्टोबरच्या उन्हात बसवली. थंडी संपेस्तोवर जेनोआवर दोन्ही बाजूंना तळहाताएवढे काळपट चिकट डाग, साबणाने जाईनात, कशाने जाईनात. माझा मावसभाऊ हलका आहे म्हणून त्याला बोसन्स चेअरवर, म्हणजे मास्टवर चढायच्या दोरीच्या झोळीत बसवून वर ओढला, त्याने वरूनच ओरडून सांगितलं, "दादा, हे तर वितळलंय रे, हाताला लागतंय!" काढून खाली आणलं तर वरच्या बाजूला च्युइंगमसारखं चिकट, खालच्या बाजूला तडे, आणि तड्यातून आतलं विणलेलं कापड दिसत होतं. चामड्याच्या आत कापड कुठून येईल? कड जाळून बघितली, काळा धूर, प्लास्टिकचा वास आणि थेंब थेंब गळायला लागलं. सरळ सरळ रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट घालतात ते ऊन लागलं की बाहेर येतं, तेच आमच्या शिडाला पुसलं गेलं, आणि ते गेलं की उरलेलं कडक होऊन तडकतं. जाळून दाखवलेला तुकडा खरा होता, फक्त आम्हाला दिलेल्या कव्हरचा नव्हता.

तारेचा प्रकार तर त्याहून भारी. आमची तार गंजून तांबडे ओघळ श्राउडवर आलेले. चुंबकाचं नाटक लक्षात ठेवा, चुंबक 316 ला चिकटत नाही तसा 304 लाही सहसा चिकटत नाही, आणि रेलिंगला वापरतात त्या स्वस्त 202 लाही नाही, त्यामुळे त्याने काहीच सिद्ध होत नाही. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात ते टिकतं ते त्याच्यामुळे, आणि ते आहे का हे बघायला वेगळा थेंब टाकून वर बॅटरी लावायची टेस्ट असते. ज्याने करून दिली त्याच्याकडे आमच्या तारेवर रंग आलाच नाही, म्हणजे मॉलिब्डेनम नाहीच.

आणि खरी भीती मला शिडाची नाहीच. धक्क्यावरच्या एका जुन्या तांडेलाने ते कव्हर हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेट, ह्याला खाली भोक कुठंय? पाणी कसं जाणार?" बरोबर होतं त्याचं. स्टेनलेसवर जो पातळ थर असतो तो टिकायला हवा लागते, खारं पाणी आत कोंडून राहिलं की नेमकी झाकलेल्या जागी श्राउडची तार गंजून खायला लागते आणि बाहेरून काही दिसत नाही. एका बाजूची श्राउड तुटली की मास्ट पाण्यात. ‘युनिव्हर्सल साइझ’ म्हणून दिलेलं ते ढगळ कव्हर पाण्याची पिशवीच झालं होतं. आमच्या तारा वाचल्या, हाताने चाचपून एकेक धागा बघितला, पण हे केवळ लवकर काढलं म्हणून.

फोन केला तर पहिल्यांदा "साहेब, समुद्रात वापरलं की वॉरंटी नाही." बोटीचा माल काय शोकेसमध्ये ठेवायचा का? मग "तुम्ही ॲसिड लावलं असेल", मग फोन उचलणं बंद. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही म्हणून तिथेही ऑनलाइन टाकली. अडचण एकच येतेय, बिलावर ‘लेदर’ शब्दच नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज, ज्यात त्याने ‘जेन्युइन लेदर, 316’ लिहिलंय, तेच जोडलेत. तुम्ही कोणाकडूनही घेत असाल तर मटेरियल आणि तारेची जाडी बिलावर लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर उठा तिथून. आणि जाळायचंच असेल तर तुमच्या हातात दिलेल्या नगाची आतली कड जाळा, त्याच्या खिशातल्या तुकड्याची नाही.

सध्या धारावीतून चामड्याचा तुकडा आणलाय, मोच्याकडून मेण लावलेल्या दोऱ्याने श्राउडच्या तारेच्या मापाने शिवून घेतला, खाली पाणी जायला फट ठेवलीय, शिवाय शीड जिथे टेकतं तिथे जेनोआला डेक्रॉनचा पॅच लावला. सगळं मिळून हजाराच्या आत. जेनोआच्या कडेची दुरुस्ती वेगळी, तिचं बिल तक्रारीला जोडलंय. डाग मात्र अजून गेलेले नाहीत, कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.