गायगर ट्यूब का पिन डायोड? छोट्या सॅटेलाइटवर रेडिएशनचा डोस मोजायचा असेल तर

आमच्या टीमला हा प्रश्न दोन वर्षं पुरला. आता कॉलेजातली ज्युनिअर पोरं फोन करतात, "दादा, पेलोडमध्ये कुठला डिटेक्टर घालू?", म्हणून एकदाच लिहून टाकतो. वन-यू क्यूबसॅट, म्हणजे १० सेंमीच्या डब्याएवढा सॅटेलाइट, अंतराळवीराला तिथं किती डोस बसेल याचा अंदाज घ्यायचाय आणि बजेट नावालाच, एवढं धरून चाललोय.

गायगर ट्यूब म्हणजे गॅस भरलेली नळी, आतून किरण गेला की एक पल्स देते. ती लगेच बोलते हे तिचं सुख. एसबीएम-२० नावाची ट्यूब लावायची, जुन्या पेट्रोमॅक्सची मेंटल जवळ न्यायची (तिच्यात किरणोत्सारी थोरियम असतं), टकटक वाढते, बघायला आलेले सरही खूश. लांबी मात्र १०८ मिमी, म्हणजे १० सेंमीच्या डब्यात आडवी बसतच नाही, कोपऱ्यातल्या उभ्या पट्ट्यांच्या, म्हणजे रेल्सच्या दिशेनं ११३.५ मिमी मिळतात तिथं कशीबशी घुसवायची, त्यापायी आमची फ्रेम उद्यमनगरात तीनदा कापून आणली. तेही चालवून घेतलं असतं.

डोकं फिरवलं ते ट्यूबला लागणाऱ्या ४०० व्होल्टनी. मागून आणलेल्या बेल जारमध्ये, म्हणजे हवा काढायच्या काचेच्या हंडीत पेलोड ठेवला, पंप सुरू केला, दाब एक-दोन टॉरवर, म्हणजे जवळजवळ संपत आला आणि काउंट असा सुटला की आम्ही टाळ्या वाजवल्या, लय भारी म्हणून. रेडिएशन कुठलं ओ, उघड्या सोल्डरवर डिस्चार्ज होत होता. दाब आणि अंतर नेमकं जुळलं तर हवा ३२७ व्होल्टलाच फुटते, नेहमीच्या हवेच्या दाबाला नाही, पक्क्या व्हॅक्यूममध्येही नाही, फक्त मधल्या पट्ट्यात. मग पॉटिंग केलं, म्हणजे जोड रेझिनमध्ये बुडवले, तर त्यात बुडबुडे राहिले, परत तेच. लाँचच्या वेळी बंद ठेवू म्हणाल, पण बुडबुड्यातली हवा सावकाश गळत राहते, ती कधी संपली हे वर जाऊन कोण बघणार?

पिन डायोड म्हणजे सिलिकॉनचा चिमुकला तुकडा, किरण गेला की तोही पल्स देतो. त्याचा छळ वेगळा. आम्ही बीपीडब्ल्यू३४ घेतला, सात-साडेसात चौरस मिमीचा जीव, काउंट इतके कमी की मेंटलसमोर धरून चहा पिऊन या. उजेड शिरला की संपलं, टेबलाला गुडघा लागला तरी पल्स येतो, पल्स मोठा करणाऱ्या अँपवर तांब्याची पट्टी गुंडाळली तेव्हा कुठं शांत झाला. पण कक्षेत टेबलाला धक्का मारायला कोण येतंय?

आणि खरं सांगायचं तर ट्यूब फक्त मोजते. इलेक्ट्रॉन गेला काय, लोखंडाचा अणुकेंद्रक गेला काय, पल्स एकच, शरीराला मात्र दोन्ही सारखे नाहीत. डायोडच्या पल्सची उंची बघून किती ऊर्जा जमा झाली ते कळतं, डोस त्यातूनच निघतो. सिलिकॉन म्हणजे मांस नाही, गुणक लावावा लागतो, मान्य. पण २००८ मध्ये चांद्रयान-१ वर गेलेला बल्गेरियाचा डोस मोजणारा रॅडॉमही सिलिकॉनचाच होता. उलट १९५८ मध्ये एक्सप्लोरर या अमेरिकी सॅटेलाइटवरच्या ट्यूबनं रेडिएशन सगळ्यात जास्त होतं तिथंच शून्य दाखवलं, इतके पल्स आले की तिला दम घ्यायलाच वेळ नाही.

आता आमचा अनुभव एका बोर्डाचा, तो सगळ्यांना लागू होईलच असं नाही. टीममध्ये हाय व्होल्टेज हाताळलेला कोणी असेल आणि दक्षिण अटलांटिकवरून, जिथं रेडिएशनचा पट्टा खाली येतो तिथून जाताना काउंट चढतो एवढंच दाखवायचं असेल, तर ट्यूबही वाईट नाही. आमची कपाटात पडून आहे, हवी असेल तर घेऊन जावा, तिसऱ्यांदा कापलेली फ्रेमपण देतो.