टप्प्याटप्प्याने, एकदम, की शेवटापासून? इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेच्या तीन वाटा

इस्रायल आणि पॅलेस्टाईनबद्दल मत बनवायला बसलं की आपण लगेच ‘चूक कोणाची’ यावर येतो. त्याआधी एक वेगळा प्रश्न सोडवावा असं मला वाटतं: तडजोड होणारच असेल तर ती कोणत्या वाटेने व्हावी? गेल्या तीस-बत्तीस वर्षांत तीन वाटा गांभीर्याने मांडल्या गेल्या. त्यांतली कोणती मानायची हे ठरलं, की रोजच्या बातम्याही वेगळ्या वाचता येतात.

पहिली ओस्लोची, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाण्याची. १९९३ मध्ये नॉर्वेत गुप्त बैठका झाल्या आणि १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) नेते अराफत यांनी हात मिळवले. पण त्या छायाचित्रापेक्षा चार दिवस आधीची पत्रं जास्त बोलकी आहेत. अराफत यांनी इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित जगण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानलं. राज्य मिळेल असं कुठेच लिहिलं नव्हतं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (ताब्यातल्या पॅलेस्टिनी भूमीवर इस्रायलने वसवलेल्या ज्यू वस्त्या), सीमा हे सगळे अवघड प्रश्न पुढे ढकलले. पाच वर्षांच्या अंतरिम काळात विश्वास वाढेल आणि मग ते सुटतील, अशी आशा होती.

झालं उलटं. ती पाच वर्षं करार नको असलेल्यांच्या हाती पडली. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. कराराला विरोध असलेल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने बसमध्ये बॉम्बस्फोट घडवले. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांचा खून एका इस्रायली ज्यू तरुणानेच केला. दरम्यान वेस्ट बँकमधल्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या वसाहती वाढतच राहिल्या. पूर्व जेरुसलेम सोडून तिथे १९९३ ला लाखभराच्या आसपास वसाहतवाले होते, २००० पर्यंत ते जवळपास दुप्पट झाले. कुठे कोणाचा ताबा हे ठरवायला तात्पुरती म्हणून आखलेली वेस्ट बँकची अ, ब, क क्षेत्रं आजही तशीच आहेत आणि सुमारे ६० टक्के वेस्ट बँक ‘क’ मध्ये, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे. तरीही ओस्लोला निकालात काढणं मला पटत नाही. दोन्ही नेतृत्वांनी एकमेकांचं अस्तित्व कागदावर मान्य केलं ते तिथेच.

दुसरी वाट सगळं एका बैठकीत मिटवण्याची. जुलै २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला दोन आठवडे घासाघीस होऊन हाती काही आलं नाही. त्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी आकडे मांडले: वेस्ट बँकचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाईनला, उरलेल्याच्या बदल्यात थोडी इस्रायली जमीन, जेरुसलेममधल्या अरब वस्त्या पॅलेस्टाईनकडे, ज्यू वस्त्या इस्रायलकडे. जानेवारी २००१ मध्ये इजिप्तमधल्या ताबा या गावी झालेल्या चर्चेनंतर ‘इतके जवळ आम्ही कधीच आलो नव्हतो’ असं दोन्ही बाजूंनी म्हटलं. पण तोवर क्लिंटन पायउतार झाले होते आणि ६ फेब्रुवारीला इस्रायलचे पंतप्रधान बराक निवडणूक हरले. २००८ मध्ये पुन्हा तेच: पद सोडण्याची घोषणा केलेल्या इस्रायली पंतप्रधान ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांना भावी सीमांचा नकाशा दाखवला, सोबत नेऊ मात्र दिला नाही. मसुदे वाईट नव्हते. ज्यांच्या सहीला घरी वजन उरलं नव्हतं अशी माणसं ते घेऊन बसली होती.

तिसरी वाट शेवट आधी लिहिण्याची, म्हणजे अरब देशांनी मांडलेल्या अरब शांतता प्रस्तावाची, बैरूत, मार्च २००२. मजकूर अगदी छोटा. इस्रायलने ४ जून १९६७ च्या, म्हणजे त्या वर्षीच्या युद्धाआधीच्या रेषेपर्यंत मागे जावं, पूर्व जेरुसलेम राजधानी असलेलं पॅलेस्टिनी राज्य व्हावं, आणि सर्व अरब देशांनी इस्रायलशी सामान्य संबंध ठेवावेत. निर्वासितांच्या प्रश्नावर ‘सहमतीने न्याय्य तोडगा’ असे शब्द होते. म्हणजे इस्रायलच्या संमतीलाही जागा ठेवलेली होती. पण २७ मार्चच्या संध्याकाळी इस्रायलमधल्या नेतान्या शहरातल्या एका हॉटेलात पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणावर हमासचा आत्मघाती हल्ला झाला, ३० माणसं गेली, आणि दोन दिवसांत इस्रायली फौज वेस्ट बँकमधल्या रामल्लात शिरली. प्रस्तावावर नीट चर्चाच झाली नाही. पुढे २०२० च्या अब्राहम करारांत अमिराती आणि बहारीनने तेच बक्षीस, म्हणजे इस्रायलशी सामान्य संबंध, पॅलेस्टिनी राज्याशिवाय देऊन टाकलं.

माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे. शेवट लिहिलेला नसेल तर मधला प्रत्येक दिवस तो बिघडवू पाहणाऱ्यांच्या कामी येतो. तुम्हाला आधी विश्वास महत्त्वाचा वाटत असेल तर ओस्लोकडे जरूर जा, पण अंतरिम काळात वसाहती थांबवण्याची अट आणि न हलणारी तारीख मागा. हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. कोकणातून गेलेली बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबं इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोनात राहतात, आणि त्यांतल्या काही घरांत अजून मराठी बोललं जातं.

आताच्या दोन कागदांवर हे लावून पाहा. ट्रम्प यांच्या वीस कलमी आराखड्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम आणला, तिथले वीस जिवंत ओलीस घरी परतले, आणि हे फार मोठं काम आहे. पण राज्याचा उल्लेख तिथे शेवटाकडे, गाझाची उभारणी आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणातल्या (वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी प्रशासनातल्या) सुधारणा झाल्यावर वाट खुली ‘होऊ शकेल’ एवढाच. दुसरा कागद, फ्रान्स आणि सौदी अरेबियाने पुढे आणलेला न्यूयॉर्क जाहीरनामा, दोन राज्यांपासूनच सुरू होतो. १२ सप्टेंबर २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याच्या बाजूने १४२ मतं पडली, आणि त्यांत भारताचंही होतं.