साडेतीनशे डॉलरचा चेंडू

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाचा लाडका पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फर्नांडो वालेन्झुएला गेला २२ ऑक्टोबर २०२४ला, मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळी आमच्या शेजारचे मेक्सिकन आजोबा झाडांना पाणी घालायला बाहेर आले नाहीत. त्यांच्या दारावर निळी टोपी अडकवलेली होती आणि आत रेडिओ मोठ्याने चालू होता.

मी मूळचा नाशिकचा, क्रिकेटवर पोसलेला. लॉस एंजेलिसला आल्यावर बेसबॉल मला या आजोबांनी शिकवला, आणि शिकवला म्हणजे मुख्यतः फर्नांडोच सांगितला. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातल्या एका खेड्यातला २० वर्षांचा डावखुरा पोरगा, किंचित पोट सुटलेला, इंग्रजीचा गंध नाही. १९८१च्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात ठरलेला पिचर जखमी झाला, म्हणून आयत्या वेळी याला उभं केलं आणि याने ह्यूस्टनला एकही धाव दिली नाही. मग ओळीने पहिले आठ सामने जिंकले, त्यातल्या पाचांत समोरच्यांना भोपळा. चेंडू सोडण्याआधी क्षणभर आकाशाकडे बघायचा. हुकमी अस्त्र स्क्रूबॉल. नेहमीचा कर्व्हबॉल ज्या बाजूला वळतो त्याच्या नेमका उलट. (मी गुगली म्हणालो, तर आजोबा म्हणाले, तुमचा चेंडू टप्पा खातो, ते सोपं आहे. यावर आमचं अजून भांडण आहे.) त्याच वर्षी त्याने सर्वोत्तम नवोदिताचा आणि साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, असे दोन्ही पुरस्कार घेतले. एकाच मोसमात हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

पण आजोबांचं प्रेम आकड्यांवर नव्हतं. डॉजर्सचं मैदान, डॉजर स्टेडियम, ज्या टेकडीवर आहे, तिथे पूर्वी मेक्सिकन कुटुंबांची घरं होती. १९५०च्या दशकात ती उठवली. आजोबांची मावशी त्यांतली. स्टेडियम १९६२ला उघडलं, पण यांच्या घरातलं कुणी तिथे पाऊल ठेवेना. १९८१ला ठेवलं.

शनिवारी, २६ तारखेला, मी स्टेडियमकडे गेलो. कुणी मेणबत्त्या ठेवल्या होत्या, कुणी फर्नांडोच्या ३४ नंबरच्या जर्सी, टोप्या, चेंडू, आणि झेंडूची फुलं. आमच्या घरी त्याच आठवड्यात दिवाळीसाठी झेंडू आणले होते. एक बाई गुडघ्यांवर बसून रडत होत्या. अशा ठिकाणी माणूस हळवा होतो, आणि मी काय करून बसलो ते कळायला एवढं पुरे.

जरा पुढे फुटपाथवर घडीचं टेबल टाकून एक जण बसला होता. अंगात ३४ नंबर, डोळे लाल. "माझे वडील इथे पार्किंगमध्ये कामाला होते. १९८१ला फर्नांडोने स्वतःच्या हाताने सही करून दिला," असं म्हणत त्याने काचेच्या डबीतला चेंडू दाखवला. किंमत ४००. मी कां-कूं करत होतो, तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "मी देतो ४००, एटीएममधून आणतो." तो गेल्यावर विक्रेता हळूच म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत खरं दुःख दिसतंय. रोख असतील तर ३५०ला ने." मी नेला. दुःख माझं नव्हतं, आजोबांचं होतं, हेही मी त्याला भाबडेपणाने सांगून बसलो. सोबत चकचकीत स्टिकर आणि प्रमाणपत्रही मिळालं.

आजोबांनी चेंडू दोन्ही हातांत घेतला, चष्मा लावला, फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अंगठा एका जागी ठेवून म्हणाले, "मिहो, हे वाच." मिहो म्हणजे बाळा.

छापलेलं नाव होतं बड सीलिग यांचं, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या माजी आयुक्तांचं. मेजर लीगमध्ये नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग आहेत. १९९९पर्यंत दोन्ही लीगचे चेंडू वेगळे असत आणि त्यांवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. १९८१चा नॅशनल लीगचा, म्हणजे डॉजर्स खेळतात त्या लीगचा, चेंडू असता तर त्यावर तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स फीनी हवे होते. सीलिग यांचं नाव नेहमीच्या सामन्यांच्या चेंडूवर आलं २०००पासून. म्हणजे १९८१ला सही केलेला चेंडू तयार व्हायलाच अजून १९ वर्षं होती! शिवाय एवढ्या वर्षांची पेनाची शाई फिकी, तपकिरी पडते. माझ्या चेंडूवरची कालच भरलेल्या पेनसारखी निळीशार.

स्टिकरवरचा नंबर मेजर लीगच्या संकेतस्थळावर टाकला, तर असा नंबरच नाही. ही तपासणी फुकट आहे, फोनवर दोन मिनिटांत होते. टेबलासमोर उभं असताना मला सुचली नाही. प्रमाणपत्रावरचा फोन बंद. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सहीची वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रमाणपत्र द्यावंच लागतं, आणि भामट्याला ते माहीत असतं म्हणून तोही देतो. रविवारी तिथे परत गेलो तर टेबल नाही. एटीएमवाला दुसऱ्या कोपऱ्यावर टोप्या विकत होता, मला बघून सटकला.

नंतर वाचलं की १९९०च्या दशकात सॅन दिएगोच्या एफबीआयने खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली होती. त्यांच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. मेजर लीगने आपल्या नंबरवाल्या स्टिकरची पद्धत त्यानंतरच, २००१ला सुरू केली. मदर तेरेसा बेसबॉलवर सही करतात यावर लोकांनी विश्वास ठेवला, तर माझं काय घेऊन बसलात.

आजोबांनी विचारलं, कितीला घेतलास? मी म्हणालो, ६०. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ६० पण जास्तच झाले.

१ नोव्हेंबरला, फर्नांडोच्या ६४व्या वाढदिवशी, वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम फेरी, जिंकलेल्या डॉजर्सची मिरवणूक निघाली. आजोबा गेले नाहीत, गर्दी झेपत नाही. संध्याकाळी नातवाला अंगणात स्क्रूबॉल शिकवत होते, मनगट कसं उलटं फिरवायचं ते दाखवत. चेंडू माझाच होता. गवतात घासून घासून सहीतला अर्धा फर्नांडो पुसला गेला होता, सीलिग मात्र स्वच्छ वाचता येत होते.